गोव्यात बसून नवऱ्यासाठी वेण्यांचा स्वेटर: उसवू की रेटू?

बोरीपूल | ५ ऑक्टोबर, रात्री १०.४०

मंडळी, हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मी फोंड्यात राहते. बाहेर ऑक्टोबरचा उकाडा, पंखा पाचावर आणि मांडीवर लोकरीचा ढीग.

नवरा वेर्ण्याला औषधांच्या कारखान्यात आहे. जानेवारीत त्याला दोन वर्षांसाठी आयर्लंडला, कॉर्कला पाठवतायत. या माणसाने आयुष्यात एकदाच स्वेटर घातलाय, महाबळेश्वरला, आणि तो भाड्याने आणल्यासारखा दिसत होता. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण माझं विणकाम भाचरांच्या टोपऱ्या-मोज्यांपलीकडे गेलं नव्हतं. म्हटलं, करायचाच तर दणकून करू. आरन पद्धतीचा (आरन ही आयर्लंडची बेटं), पुढेमागे वेण्याच वेण्या, मधे मधाच्या पोळ्यासारखी वीण, कडांना साबुदाणा (एक सुलट एक उलट, पुढच्या ओळीत अदलाबदल).

नमुना एका अमेरिकन बाईंचा, पैसे मोजून घेतला. ८ नंबरच्या सुया, काठ झाल्यावर टाके वाढवून पाठीला १३९ टाके. ऑफ-व्हाइट लोकर, ५० ग्रॅमच्या १८ गुंड्या, सगळ्या एका लॉटच्या (एकाच वेळी रंगवलेल्या). पाठ ३५ सेंटीमीटर विणून झाली आणि काल सहज टेप लावला. रुंदी ५८ हवी, भरली ५०! नवऱ्याची छाती ४२ इंच. पोटाचं विचारू नका.

टाके बरोबर आहेत, तीनदा मोजले. मग आठ सेंटीमीटर गेले कुठे? आता सगळं उसवू, की धुतल्यावर ताणून बसेल या आशेवर रेटू?

मठ्ठ_पण_निवांत | ५ ऑक्टो., १०.५२

आयर्लंडला आरनचा स्वेटर नेणं म्हणजे कोल्हापूरला चप्पल नेणं. तिथे गल्लोगल्ली मिळतो की!

बोरीपूल | ५ ऑक्टो., १०.५५

@मठ्ठ, किंमत बघा आणि मग बोला.

अबोली_म्हापसा | ५ ऑक्टो., ११.२०

उसव. डोळे मिटून उसव. मी एकदा दिरासाठी केलेला स्वेटर 'बसेल, बसेल' म्हणत पुरा केला. आज तो माझ्या सासूबाई घालतात. म्हणजे घालत नाहीत, उशीला अभ्रा म्हणून वापरतात. ताणून आठ सेंटीमीटर येत नाहीत गं, आणि आले तर वेण्या चपट्या होऊन चपातीसारख्या दिसतील.

दोन_सुया (पुणे) | ६ ऑक्टो., सकाळी ७.१५

वेण्या कापड आत ओढतात, हे सगळ्यात आधी डोक्यात पक्कं करा. तीन टाके तीन टाक्यांवरून उडी मारतात तेव्हा सहा टाक्यांची जागा आकसते. साध्या सुलट विणीत दहा सेंटीमीटरला १८ टाके बसत असतील, तर वेण्यांच्या विणीत तेवढ्याच जागेत २४-२५ लागतात. म्हणून तर काठानंतर टाके वाढवायला सांगतात. पण नमुना लिहिणाऱ्या बाईंनी हे धरूनच १३९ दिले असणार. तेव्हा गडबड तुमच्या ताणात आहे, म्हणजे टाके किती घट्ट पडतात त्यात.

नमुन्याचा तुकडा विणला होता का? वेण्यांचाच? धुऊन, वाळवून, मग मोजलात?

बोरीपूल | ६ ऑक्टो., ९.०५

खरं सांगू? तुकडा केला, पण साधा सुलट. धुतला नाही. त्यांचे दहा सेंटीमीटरला १८ टाके, माझे २१ आले. म्हटलं, तीन टाक्यांनी काय होतंय.

दोन_सुया | ६ ऑक्टो., ९.११

अगं बाई! तीन टाक्यांनी काय होतं ते आता मांडीवर घेऊन बसली आहेस. १८ च्या जागी २१ म्हणजे वेण्यांत २४ च्या जागी २८. १३९ भागिले २.८, पन्नास सेंटीमीटर. हिशेब चोख आहे, स्वेटर सोडून.

पिंट्याचा_बाबा | ६ ऑक्टो., ९.३०

हहपुवा (हसून हसून पुरे वाट). आमच्या ऑफिसातले सगळे बजेट याच वाक्याने बुडाले आहेत. 'तीन टक्क्यांनी काय होतंय.'

खारवी | ६ ऑक्टो., दुपारी १.४०

थांबा जरा. ८ नंबर कुठला?

बोरीपूल | ६ ऑक्टो., १.४४

कुठला म्हणजे? सुईच्या बोंडावर ८ लिहिलंय. मडगावच्या दुकानातून घेतल्या.

खारवी | ६ ऑक्टो., २.१०

मग सापडला चोर. आपल्याकडे दुकानात मिळतात त्या सुयांवर जुने इंग्रजी नंबर असतात. आपली ८ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेची ८ म्हणजे ५ मिलिमीटर. शिवाय दोघांची दिशाही उलटी: आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते (१० नंबर सव्वातीन मिलिमीटर), त्यांच्याकडे नंबर वाढला की जाड होते. तुम्हाला हवी होती आपल्याकडची ६ नंबर. नमुन्यात कुठेतरी कंसात मिलिमीटर दिलेले असतील, बघा. नंबर कुठल्याही देशाचा असो, मिलिमीटर खोटं बोलत नाही.

जहाजावर २६ वर्षं काढली, इंच आणि मिलिमीटरच्या स्पॅनरची हीच रड होती. विणकाम तिथेच शिकलो. तारवटी माणसाला दोराला पीळ घालता येतो, लोकर म्हणजे बारीक दोरच.

बोरीपूल | ६ ऑक्टो., २.१६

कंसात आहे. पाच मिलिमीटर. बारीक अक्षरात.

मी जरा बाल्कनीत जाऊन येते.

मठ्ठ_पण_निवांत | ६ ऑक्टो., २.२०

स्वेटर घेऊन जाऊ नका, खाली टाकाल.

अबोली_म्हापसा | ६ ऑक्टो., २.४५

खारवी, _/\_ वाचनखूण साठवली. माझ्या दिराच्या स्वेटरचं कोडं आठ वर्षांनी सुटलं. सासूबाईंना सांगत नाही.

माई_डिचोली | ६ ऑक्टो., सायं. ६.३०

बोरीपूल, बाय, उसवू नकोस. नातवाकडून टाइप करून घेत्ये, चुका त्याच्या.

१९६२ च्या लढाईत देशभर बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या. मी तेव्हा शिकायला बेळगावला मावशीकडे होत्ये, वय चौदा. शाळेत आम्हाला रांगेत बसवलं आणि एकच माप दिलं. घालणारा कोण, जाडा की बारीक, देवाला ठाऊक. माझी पाठ अशीच अरुंद झाली होती. मावशीने एक ओळ उसवू दिली नाही. म्हणाली, सीमेवर माणूस कुडकुडतोय आणि तू उसवत बसणार? दोन्ही कुशींना पट्ट्या विणून जोडल्या. पोलक्याला बगलेत ठिगळ देतात ना, तसंच.

तुझी पाठ आठ कमी, पोटही (पुढचा भाग) आठ कमी होणार. मिळून सोळा. दोन कुशींना आठ-आठ सेंटीमीटरची साबुदाण्याची पट्टी घाल. कडेला साबुदाणा आहेच, कोणाच्या लक्षातसुद्धा यायचं नाही.

दोन_सुया | ६ ऑक्टो., ७.०५

माईंचा मान राखून असहमत. प्रश्न फक्त रुंदीचा नाही. ५ मिलिमीटरवर विणायची लोकर ४ वर विणली की कापड पुठ्ठ्यासारखं होतं. लोंबत नाही, उभं राहतं. शिवाय पट्टी बगलेपर्यंतच जाणार, खांद्यावर पन्नासच उरतात. आणि लोकरही जास्त खाणार.

खारवी | ६ ऑक्टो., ८.२०

खांद्याला पन्नास पुष्कळ झाले हो. ४२ छातीच्या माणसाचे खांदे मोजा, ४५-४६ भरतील. मूळ नमुन्यात ५८ आहेत कारण त्याची बाही दंडावर उतरलेली असणार. इथे उलट नीट बसेल.

पुठ्ठ्याबद्दल: दर्यावरच्या लोकांचे स्वेटर घट्टच विणतात. वारा आत शिरू नये आणि शिंतोडे वरच्यावर झटकता यावेत म्हणून. कॉर्कला पाऊस आडवा येतो. मी गेलोय. आपल्याकडचा जुलै थंड करून वर्षभर पसरला तर कसा लागेल, तसं. मी माईंच्या पक्षात. लोकर मात्र कमी पडेल, दोन_सुया तिथे बरोबर आहेत.

केपेकर | ६ ऑक्टो., ९.००

या वेण्यांची गोष्ट माहितेय ना? आरन बेटांवर प्रत्येक घराण्याची वेगळी वीण असायची. कोळी बुडाला आणि प्रेत ओळखेनासं झालं की स्वेटरच्या विणीवरून घराणं ओळखायचे. अंगावर काटा येतो.

तिसरी_घंटा | ६ ऑक्टो., ९.४०

काटा येऊ द्या, पण गोष्ट खरी नाही. आरनची ही वेण्यांची शैली आज दिसते त्या रूपात विसाव्या शतकातली आहे, फार पुराणी नव्हे. घराणेवार विणींची कथा स्वेटर विकणाऱ्यांनी नंतर चांगली पोसली.

मूळ बहुधा नाटकात आहे. सिंग नावाच्या आयरिश नाटककाराचं (आपले सरदारजी नव्हेत) १९०४ सालचं एकांकी नाटक आहे, आरन बेटांवरच्या कोळी कुटुंबाचं. त्यात बुडालेल्या भावाची ओळख पटते ती मोज्यावरून, स्वेटरवरून नाही. तीही घराण्याच्या नक्षीमुळे नव्हे. बहिणीने स्वतः विणलेला मोजा असतो, आणि विणताना चार टाके सुटले होते हे तिला आठवत असतं.

पिंट्याचा_बाबा | ६ ऑक्टो., ९.४८

म्हणजे बोरीपूलताईंच्या मिस्टरांना कॉर्कमध्ये कोणीही ओळखेल.

बोरीपूल | ६ ऑक्टो., १०.१५

दिवे घेतले (म्हणजे गंमत म्हणूनच घेतलं). :)

ठरलं, माईंचं ऐकते. एकतर पस्तीस सेंटीमीटर उसवायची छाती नाही (४२ ची तर नाहीच), आणि हाताला हे कापड आवडलंय. भरीव लागतं. फोटो टाकते. उजेड ट्यूबलाइटचा आहे, समजून घ्या.

शिरोड्याची_पोर | ७ ऑक्टो., सकाळी ८.१०

काय सुंदर आलंय! मला वेणी घालताना ती तिसरी छोटी सुई सांभाळताच येत नाही, सटकून पंख्याखाली जाते. तुम्ही काय वापरता? आणि तळहाताला घाम येऊन सुया चिकटतात त्याचं काय करता?

बोरीपूल | ७ ऑक्टो., ८.३०

हसू नका, नव्या केरसुणीचा हीर. बोटभर तोडला, दोन्ही टोकं नेलकटरने गोल केली, वर मेणबत्ती घासली. माडाचा हीर खरखरीत असतो ना, टाके सटकत नाहीत. पण मेण हवंच, नाहीतर लोकरीचे तंतू अडकतात. आठवड्याला एक मोडतो, केरसुणी बारीक होत चाललीय. सासूबाईंना वाटतं उंदीर आहेत.

घामाला बांबूच्या सुया बऱ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या घामाने चिकटतात आणि फिक्या लोकरीला काळपट डाग देतात. मी संध्याकाळी विणते, शेजारी पंचा ठेवून.

खारवी | ७ ऑक्टो., ११.५०

फोटो मोठा करून पाहिला. सांगू की नको, असं झालं. डाव्या कडेची वेणी, वरून दुसरा पीळ. बाकी सगळे डावीकडे झुकतात, हा एक उजवीकडे. तीन टाके पुढे धरायच्या ऐवजी मागे धरलेत. पुढे धरले की पीळ डावीकडे, मागे धरले की उजवीकडे.

बोरीपूल | ७ ऑक्टो., ११.५८

तुम्हाला डोळे कोणी दिले हो?

दोन_सुया | ७ ऑक्टो., १२.३०

याला मात्र अख्खं उसवू नका. तेवढ्या वेणीचे सहा टाके सुईवरून सोडा, फक्त सहा. चुकलेल्या ओळीपर्यंत मुद्दाम घसरू द्या. मोकळ्या दोऱ्यांची शिडी दिसेल, आठ ओळींना एक पीळ असेल तर पायऱ्या साधारण सोळा. घाबरू नका, शेजारचे टाके सुईवर आहेत, पळत नाहीत. खाली पीळ नीट घाला. मग दोन छोट्या दुतोंडी सुया घेऊन शिडीची एकेक पायरी खालून वर विणत या, वरच्या पिळाची ओळ आली की तोही घाला. पायरी चुकवायची नाही, आणि पीठ-पाणी करून बसा, मधे उठायचं नाही.

त्याआधी बाकीच्या टाक्यांतून एक दोरा ओवून ठेवा. हात घसरला तरी तिथेच थांबेल.

बोरीपूल | ७ ऑक्टो., रात्री ११.३५

झालं. दोरा म्हणून नवऱ्याच्या गळाची तंगूस ओवली, लोकरीत गुंतत नाही, ओढली की सुळकन निघते. सहा टाके सोडले तेव्हा पोटात गोळा आला. शिडी खाली खाली जाते आणि आपण बघत राहायचं. नवरा म्हणाला, 'आता हे काय, मुद्दाम?' मी उत्तर दिलं नाही, श्वास धरला होता. अकराव्या पायरीला लाइट गेली. मोबाइलच्या उजेडात उरलेल्या पाच केल्या. जागा जरा सैल दिसतेय, धुतल्यावर बसेल ना?

दोन_सुया | ८ ऑक्टो., ७.००

बसेल. शेजारच्या टाक्यांतून सुईच्या टोकाने थोडाथोडा दोरा सरकवा. शाब्बास.

केपेकर | ८ ऑक्टो., १०.१०

अवांतर: तुमच्या मिस्टरांच्या गळाचं काय?

अबोली_म्हापसा | २९ ऑक्टो., ४.२०

धागा वर काढतेय. पुरुषांचं माप घेताना एक लक्षात ठेवा, टेप लावला की ते पोट आत ओढतात. सगळे! माझा नवरा तर छातीही फुगवतो, भरतीला उभा राहिल्यासारखा. त्यांना मोजूच नका. रोज घालतात तो सैलसर टी-शर्ट पलंगावर पसरा आणि तो मोजा, वर आतल्या शर्टासाठी थोडे धरा. आणि खालचा काठ आवळ नको. पोटाखाली काठ गच्च बसला की माठ दिसतो.

बोरीपूल | ३० ऑक्टो., ९.१५

उशीर झाला, काठ विणून झालाय. पण पट्ट्यांमुळे खालीही सोळा सेंटीमीटर मिळाले, माठाचा धोका टळला. पाठ पूर्ण, पोट बगलेपर्यंत आलंय. पट्टी १९ टाक्यांची केली, दोन शिवणीत जातात. माई, नजर लागेल इतकी जुळलीय.

आता दुसरं रडगाणं. पाठीलाच साडेसहा गुंड्या गेल्या. हिशेबाने शेवटी दोन कमी पडणार. त्याच शेडच्या मागवल्या, लॉट वेगळा आला. घरात कळत नाही, उन्हात दही आणि ताक शेजारी ठेवल्यासारखा फरक दिसतो.

खारवी | ३० ऑक्टो., १.००

बाह्या मनगटाकडून वर विणू नका. खांद्याचे टाके उचला आणि वरून खाली विणा. म्हणजे ताक जे येईल ते मनगटाच्या काठाला येईल. गळ्याचा काठही त्यातलाच करा. तीन ठिकाणी सारखा फरक असला की तो मुद्दाम केल्यासारखा दिसतो. आणि लांबी नवऱ्याला घालून बघत ठरवता येते.

दोन_सुया | ३० ऑक्टो., १.२०

+१. किंवा दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या, असं आलटून पालटून न्या. पण वेण्यांत दोन गुंड्या सांभाळायच्या म्हणजे डोक्याला ताप. खारवींचं करा.

माई_डिचोली | ३० ऑक्टो., ७.१५

झाल्यावर धुशील तेव्हा पिळू नको. टॉवेलात गुंडाळ, वरून पायाने दाब, मग खाटेवर सपाट पसर. दोरीवर वाळत घातलास तर ओल्या वजनाने गुडघ्यापर्यंत येईल. पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालायची नाही, आपल्याकडच्या दमट हवेत बुरा यायला वेळ लागत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको. जुन्या सुती साडीत गुंडाळ, वर चार लवंगा. आमच्याकडचे लोकरीचे कपडे कसर लागूनच गेले, थंडीने कोणी घातलेच नाहीत.

शिरोड्याची_पोर | ३१ ऑक्टो., ९.४०

मी वाचलंय की प्रियकरासाठी स्वेटर विणला की तो सोडून जातो. शाप आहे म्हणे.

मठ्ठ_पण_निवांत | ३१ ऑक्टो., ९.४४

शाप कसला, तीन महिने रोज 'हात वर कर, हात खाली कर' ऐकून जात असेल.

बोरीपूल | ३१ ऑक्टो., १०.०२

माझा तर जाणारच आहे, तिकीट काढून. काल पाठ आणि झालंय तेवढं पोट टाचून अंगात घालून बघितला. बाहेर तेहतीस डिग्री. दोन मिनिटांत कपाळावरून घाम. काढ म्हटलं तर म्हणाला, थांब, आरशात बघू दे. मग विचारलं, हात कधी येणार?

अबोली_म्हापसा | २७ डिसें., ११.१०

काय झालं गं पुढे? फोटो?

बोरीपूल | २७ डिसें., रात्री ११.५०

चवथीनंतर घर आवरलं नव्हतं, आता तर बॅगा, कागदपत्रं, पाहुणे. डावी बाही झाली. गळा झाला, ताक अजिबात खटकत नाही. उजवी कोपराखाली चार बोटं आलीय. विमान ९ तारखेला. धुऊन वाळायला तीन दिवस धरले तर हातात किती उरतात?

माई_डिचोली | २८ डिसें., ६.०५

मग इथे काय करत्येस? वीण.